नोलीनच्या हातचं पाणी

पूर ओसरला तरी नदी अजून चहासारखी गढूळ वाहत होती आणि कुरामिंडीचं पाणीशुद्धीकरण केंद्र चालवणाऱ्या नोलीनचा पारा चढला होता. दुपारी चारपर्यंत पाणी नितळलं नाही, तर ‘उकळून प्या’ अशी सूचना गावभर काढावी लागणार होती. एकतीस वर्षांत तिच्या हातून अशी सूचना एकदाही निघाली नव्हती आणि हे पबमध्ये कोणी विचारो न विचारो, ती सांगायचीच.

त्यात मुख्य कचेरीनं गॅव्हन नावाचा नवा इंजिनिअर पाठवलेला. बुटांवर चिखलाचा एक ठिपका नाही आणि तोंडाला क्षणभर विश्रांती नाही.

“साहेब, मोठ्या टाकीतली पाती किती वेगानं फिरवायची ते ठरवायला इथं आधी शर्यत लागते,” नोलीन म्हणाली. टेबलावर काचेची सहा भांडी ओळीनं मांडलेली. प्रत्येकात नदीचं पाणी, तुरटी आणि फिरणारं पातं. वेग मात्र प्रत्येकाचा वेगळा. “घोडा निवडा. हरेल त्यानं बिअर पाजायची.”

“सहावा!” गॅव्हननं सगळ्यात जोरात घुसळणारं भांडं निवडलं. “जास्त ढवळलं की जास्त कण चिकटणार. साधी गोष्ट आहे.”

“माझा तिसरा. ढवळायचं ते कणांची गाठ पडावी म्हणून. पिसाटासारखं घुसळलंत तर जमलेले गोळे फुटतात.”

पाचच मिनिटांत सहाव्या भांड्यात पांढरे ठिपके दिसू लागले. तिसरं अजून ढिम्म.

“बघा, बघा! तुमचा घोडा झोपलाय, नोलीन!”

“निकाल पाती आपोआप थांबल्यावर, अर्ध्या तासानं. सगळं खाली बसलं की. तोवर कशालाही हात लावायचा नाही.”

तेवढ्यात दहा वाजले. दहाचा चहा कुरामिंडीत कोणी चुकवत नाही, केंद्राला आग लागली तरी आधी कप भरतील. नोलीनही गेली. तिनं जायला नको होतं.

ती परतली तेव्हा तिसऱ्या भांड्याच्या तळाशी कापसासारखे गोळे बसले होते आणि वरचं पाणी स्वच्छ होतं. सहाव्यात नुसता धुरळा. गॅव्हन मात्र खिडकीशी उभा राहून मोठ्या टाकीकडे कौतुकानं पाहत होता.

“वेळ वाचवला तुमचा. टाकीतली पाती पूर्ण वेगावर टाकली.”

नोलीन धावत सुटली. तिनं वेग उतरवला, तुरटी वाढवली, नदीच्या सात पिढ्या उद्धरल्या आणि गॅव्हनच्या आठ. पण एकदा फुटलेले गोळे पुन्हा तसे धरत नाहीत. पावणेचारला गढूळपणाचा आकडा मर्यादेच्या दुप्पट होता.

“त्या कोपऱ्यात पाणी बरं दिसतंय,” गॅव्हन खालच्या आवाजात म्हणाला. “नमुना तिथून घेतला तर?”

नोलीननं कोपऱ्याकडे पाहिलं. पाणी खरंच बरं होतं. बाटली तिच्या हातातच होती आणि एकतीस वर्षांची अब्रू त्या बाटलीत मावत होती. तिला मोह झाला, चांगलाच झाला.

“गावात तान्ही पोरं आहेत, गाढवा,” ती म्हणाली आणि सूचनेवर स्वतःची सही ठोकली. तिला रडू येत होतं आणि त्याचाच जास्त राग येत होता.

मोबाइल न बघणाऱ्या म्हाताऱ्यांना घरी जाऊन सांगायचं होतं. ते काम तिनं गॅव्हनवर सोडलं नाही. पहिलंच दार तिच्या आईचं, ब्याण्णव वर्षांच्या ईनिडचं. गॅसवर किटली वाफाळत होती.

“आई, आजपासून पाणी उकळून प्यायचं. माझ्याकडून चूक झाली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.”

ईनिडनं चष्म्यावरून लेकीकडे पाहिलं.

“मी तर तू नोकरीला लागल्यापासून उकळूनच पिते,” ती म्हणाली.