टाचण्या नसलेली गल्ली

मित्रांनो, जवळ या आणि माझ्या अंगावरून हात फिरवा. चाळणी झाली आहे ना? मी शहराच्या आरोग्य कचेरीतला जुना नकाशा. या भोकांची मला लाज वाटत नाही. जी भोकं वेळेवर पडली नाहीत, त्यांनी मात्र माझी झोप उडवली आहे.

जाड कापडावर कागद चिकटवून मला बनवलं, तेव्हा माझी ऐट काय विचारता! शहरातलं घरन् घर माझ्यावर काढलेलं होतं. त्या काळी क्षयावर औषध नव्हतं. कोणी क्षयाने गेलं, की त्याच्या घरावर काळ्या डोक्याची टाचणी टोचायची, असा मोठ्या डॉक्टरांचा नियम होता. वर्षाअखेरीस टाचण्या मोजून रोग वाढला की घटला ते ठरे. आणि ज्या गल्लीत टाचण्या जास्त, तिथल्या कोंदट खोल्यांना आधी खिडक्या पाडून मिळत.

टाचण्या लावणारा कारकून लोण्यासारखा मऊ. कोणाला नाही म्हणणं त्याला जमायचंच नाही, म्हणून कचेरीत सगळे त्याला होयबा म्हणत. मृत्यूचं कारण विचारायला तो घरोघरी जाई. एकदा शिंप्यांच्या गल्लीत एका आईने त्याचे पाय धरले. थोरला मुलगा गेला होता आणि धाकटीचं लग्न ठरलं होतं. क्षयाचं कळलं तर सोयरीक मोडेल, म्हणाली. होयबाने 'ताप' लिहिलं आणि टाचणी एका डबीत टाकली. हे सगळं तो माझ्यासमोर उभा राहून पुटपुटला, म्हणून मला ठाऊक. मग काय, गल्लीभर बभ्रा झाला आणि जो तो ताप लिहून घेऊ लागला. तीन वर्षं ती गल्ली माझ्यावर कोरी करकरीत राहिली. खिडक्या दुसरीकडे गेल्या. क्षय घटला म्हणून डॉक्टर येईल त्या पाहुण्याला मला दाखवत सुटले. मी भिंतीवर नुसता तळमळत होतो. मला तोंड कुठे होतं?

एके दिवशी होयबाचा जावई कचेरीत आला. सासरे बाहेर गेले होते. तो भाड्याची खोली शोधतोय असं कळताच डॉक्टरांनी त्याला हौसेने माझ्यापुढे आणलं आणि शिंप्यांच्या गल्लीवर बोट ठेवलं. आठवड्याभरात त्याने तिथे बिऱ्हाड केलं.

होयबाच्या पायांखालची जमीनच सरकली. खरं सांगावं तर नोकरी जाणार, न सांगावं तर लेक त्या कोंदट खोलीत. दुसरी खोली बघ म्हणाला, तर ती हसली. "बाबा, तुमच्याच नकाशात बघून घेतली की!" आज सांगतो, उद्या सांगतो, असं रोज मला म्हणत त्याने दीड वर्ष घालवलं.

मग एका दुपारी तो डबी घेऊन आला. डॉक्टरांना बोलावलं आणि त्यांच्यादेखत एकेक टाचणी टोचत गेला. तेवीस झाल्या. चोविसावी हातात धरून तो थांबला.

"हे कोणाचं घर?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझ्या लेकीचं," होयबा म्हणाला. "ती गेली. इथे कारण विचारायला जावं लागलं नाही."

आणि त्याने ती टाचणी टोचली.

पुढच्याच महिन्यात त्या गल्लीच्या भिंती फोडून खिडक्या बसवल्या. टाचण्या खरोखर कमी व्हायला मात्र दहा वर्षं लागली. मित्रांनो, आता मी अडगळीत पडलोय, त्याचं मला काही नाही. पण घरात कोणी खोकत असेल, तर लपवू नका. लोक काय म्हणतील ते म्हणू देत. ते चोविसावं भोक अजून माझ्या अंगावर आहे. पहिली टाचणी वेळेवर लागली असती, तर ते पडलंच नसतं.