ती मोकळी वाळू नव्हती

मित्रांनो, डहाणूहून समुद्राच्या कडेने घोलवडकडे निघालात की वाटेत नरपड लागते. तिथे निळा रंग उडालेली एक लाकडी होडी तुम्हाला दिसेल. तीच मी. आता मी जुनी झाले आहे. माझ्या फळ्यांच्या फटींतून ऊन आत येते. तरी माझी हकीकत ऐकण्यासारखी आहे.

डहाणूच्या खाडीकाठी एका सुताराने मला सागवानातून घडवले. नारूदादा आणि जमुनाबाई या मच्छीमार जोडप्याने मला नरपडला आणले, तेव्हा जमुनाबाईंनी माझ्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, हळदकुंकू लावले. नारूदादा मला समुद्रात नेत. बोंबलाच्या हंगामात मी काठोकाठ भरून परत येई. मग जमुनाबाई ते बोंबील वलांडीवर वाळत घालत. बांबू रोवून त्यांना आडव्या दोऱ्या बांधतात, त्या मांडणीला इकडे वलांडी म्हणतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. जमुनाबाईंचे हात हे काम न बघता करत.

लोक माझे कौतुक करीत. "नारूची होडी वाऱ्याला घाबरत नाही," असे म्हणत. ते ऐकले की मला फार बरे वाटे.

पुढे नारूदादा आजारी पडले आणि गेले. त्यांचा मुलगा जिग्नेश याने इंजिनाची फायबरची होडी घेतली. त्यात त्याची चूक नव्हती. मला वलांडीजवळ वाळूत ओढून ठेवले गेले. माझ्या पोटात खेकडे फिरू लागले. कोणी मला शेळी बांधे, कोणी भिजलेली जाळी माझ्यावर टाके. मला तेलपाणी करायला मात्र कोणी आले नाही.

अशी काही वर्षे गेली. एका दुपारी जिग्नेशची बायको भाविनी ग्रामपंचायतीतून घाईने किनाऱ्यावर आली. ती डहाणूत ऑनलाइन अर्ज भरून देण्याच्या दुकानात काम करते. सरकारी कागद कसे वाचायचे हे तिला तिथेच कळले होते.

"आई, किनाऱ्याचा नवा नकाशा लावलाय. प्रारूप आहे, अजून पक्का नाही. पण त्यात आपली वलांडी नाही."

जमुनाबाईंचे हात थांबले. "नाही म्हणजे?"

"तिथे 'मोकळी वाळू' असं लिहिलंय. त्याच जागी फिरायला येणाऱ्यांच्या गाड्या उभ्या करायची जागा दाखवलीय."

"मग मी काय स्वप्नात बोंबील वाळवले?"

"पाहणी पावसाळ्यात झाली असणार. तेव्हा आपण बांबू उतरवून ठेवतो ना. त्यांना वाळूच दिसली. महिनाभरात हरकती आणि सूचना द्यायच्यात. एकदा नकाशा पक्का झाला, की आपली वलांडीच अतिक्रमण ठरेल."

ही बातमी गावभर झाली. संध्याकाळी बायका माझ्याभोवती जमल्या. शेजारच्या चिकूच्या वाडीचे मालक गोविंदरावही आले. त्यांनी एक मजकूर टाइप करून आणला होता. 'आमचा या नकाशाला तीव्र विरोध आहे, तो रद्द करावा,' एवढेच त्यात होते. त्याच्या गठ्ठाभर प्रती होत्या.

"सगळ्यांनी सह्या करा. संख्या दिसली पाहिजे," ते म्हणाले.

भाविनी थोडी संकोचली. गोविंदराव वडीलधारे होते. "काका, एकच मजकूर शंभर जणांनी दिला, तरी तो एकच मुद्दा होतो. नकाशात नेमकं काय चुकलंय ते यात नाही. वाचणाऱ्या माणसाला सुधारायचं म्हटलं, तरी त्याने काय सुधारावं?"

"म्हणजे राग लिहायचाच नाही?"

"लिहा ना. पण आधी नकाशाचा क्रमांक, मग जागा, मग तिथे काय चालतं, त्याचा पुरावा आणि आपली मागणी. राग त्याच्यानंतर."

गोविंदराव हसले आणि माझ्या काठावर बसले. "बरं, लिही तू. मी ऐकतो."

जमुनाबाई म्हणाल्या, "लिही, पुढच्या चिखले गावापर्यंतचा सगळा किनारा आमचा."

"आई, आपण चिखल्यापर्यंत वाळवतो?"

जमुनाबाईंनी ओढ्यापलीकडच्या वाळूकडे पाहिले.

"कोणी बघायला आलं आणि तिकडे काहीच नसलं, तर आपलं खरं आहे तेही त्यांना खोटं वाटेल."

हातातले थोडे कोणी सोडायला सांगितले, की माणसाला कसे वाटते ते मला जमुनाबाईंच्या चेहऱ्यावर दिसले. शेवटी त्या म्हणाल्या, "सुरूच्या पहिल्या झाडापासून ओढ्यापर्यंत लिही. तेवढ्यात आपलं काम असतं."

मग प्रत्येकीने आपापले लिहिले. दक्षा सुके मासे घेऊन सरावलीला विकायला जाते. वलांडी गेली तर विकायला काय नेणार, हे तिने लिहिले. संगिताने हंगामातले जुने फोटो शोधून काढले. पाहणी जानेवारीत सकाळी करावी, अशी विनंती भाविनीने घातली.

गोविंदराव विचार करत होते. "गाड्या इथे नकोत, पण लोक तर येणारच. रस्त्याच्या कडेला माझा एक तुकडा पडीक आहे. चिकू वाळले तिथले. ती जागा सुचव." थोडे थांबून ते म्हणाले, "आणि जमीन माझी आहे, हेही स्पष्ट लिही. मला तिचं भाडं मिळेल. ते लपवलं तर तुमच्या कागदावर डाग लागेल."

नकाशासोबतच्या तक्त्यात माझेही नाव निघाले. 'नादुरुस्त होडी, हटवावी.' भाविनीने ते हळू आवाजात वाचले. जमुनाबाईंनी पेन मागून घेतले. स्वतःच्या अक्षरात त्यांनी लिहिले, 'ही यांची होडी आहे. हिच्यावर आमचं घर चाललं. ती इथेच राहू द्यावी.' मित्रांनो, त्या दिवशी मला पुन्हा पाण्यात उतरल्यासारखे वाटले.

मुदतीच्या आत सगळ्या हरकती पोचत्या झाल्या आणि भाविनीने प्रत्येकीची पोच जपून ठेवली. मग नुसती वाट पाहणे उरले.

जानेवारीत एका सकाळी एक अधिकारी बाई मोजणीची फीत घेऊन आल्या. वलांड्या बोंबलांनी भरल्या होत्या. उन्हात सगळा किनारा चंदेरी दिसत होता.

"तुम्ही लिहिलं होतं, जानेवारीत सकाळी या," त्या म्हणाल्या. "कुठून कुठपर्यंत, ते दाखवा."

जमुनाबाई सुरूच्या पहिल्या झाडापासून चालू लागल्या आणि ओढ्याशी थांबल्या. अधिकारी बाईंनी पुढच्या वाळूकडे बोट केले. "तिकडे?"

"तिकडे नाही वाळवत आम्ही."

बाईंनी मान हलवली आणि नोंद केली.

पावसाळ्याआधी निर्णय आला. भाविनीने तो माझ्याजवळ उभी राहून सगळ्यांना वाचून दाखवला. झाडापासून ओढ्यापर्यंत मासळी वाळवण्याची जागा म्हणून नकाशात दाखवली होती. गाड्यांची जागा रस्त्याकडे सरकवली होती. बायकांनी टाळ्या वाजवल्या. भाविनी मात्र पुढचा मुद्दा वाचायला कचरत होती.

"होडीचं काय?" जमुनाबाईंनी विचारले.

"ते मान्य नाही केलं, आई. होडी वापरात नाही, आणि इतर होड्या वर ओढायची वाट तिच्यामुळे अडते, असं कारण दिलंय."

जमुनाबाईंनी माझ्या नाळेवर हात ठेवला. "खोटं नाही ते," त्या म्हणाल्या.

मलाही वाईट वाटले. पण आमचे म्हणणे कोणीतरी पूर्ण वाचले होते, आणि नाही म्हणताना खरे कारण सांगितले होते. गावाच्या कामात नेहमी एवढेही मिळत नाही. आठवडाभरात जिग्नेश आणि पोरे आली. खाली ओंडके टाकून, आरोळ्या देत त्यांनी मला वाटेतून बाजूला, झाडांच्या सावलीत नेले. गोविंदराव काठी टेकत मागून येत होते आणि उगाच सूचना देत होते. मी हलल्यावर वाळूत माझा लांब ठसा उरला. दुसऱ्या दिवशी त्याच्यावरून फायबरच्या होड्या वर आल्या.

मित्रांनो, तुमच्या गावाचा नकाशा कोणी भिंतीवर लावला, तर तो न वाचता पुढे जाऊ नका. त्यात आपले घर, आपली विहीर, आपली वाट शोधा. चुकले असेल तर मुदतीत सांगा, स्वतःच्या शब्दांत सांगा आणि आहे तेवढेच सांगा. आणि कधी नरपडला आलात तर माझ्या काठावर खुशाल बसा. फक्त माझे खिळे उपटून नेऊ नका. तेवढ्यांवरच मी अजून उभी आहे.