चौथा उद्गार

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, सकाळी मेघानं ट्रंक उघडली. नवऱ्याच्या, शांतवनच्या, लग्नातल्या कोटाखाली हात घातला आणि प्लास्टिकच्या पिशवीतलं पत्र बाहेर काढलं. नऊ वर्षांपूर्वीचं पत्र. घडीवर चिरलेलं, पण अक्षर अजून टपोरं. ‘आमची बहीण मेघा आपल्याकडे येत आहे. तिला आपल्या मंडळीत सामावून घ्यावे.’ खाली सही पुंडलिकबाबांची. ते तिच्या माहेरच्या, देवगाव रंगारीच्या मंडळीचे वडील, म्हणजे चर्चचे पुढारी.

ख्रिस्ती माणूस गाव बदलतो तेव्हा असं पत्र घेऊन निघतो. नव्या मंडळीत द्यायचं. त्यांनी नाव लिहून घ्यायचं. मेघानं ते कुठंच दिलं नव्हतं. लग्न होऊन शहरात आली तेव्हा छावणीतल्या मोठ्या चर्चच्या पायरीवरून दोनदा माघारी फिरली. आतल्या बाया अशा साड्या नेसलेल्या, की हिला आपल्या चपलांची लाज वाटली. मग शांतवन तिला चिकलठाण्याच्या एका गोदामातल्या प्रार्थनेला घेऊन गेला. तिथं पत्रबित्र कुणी विचारत नव्हतं. तिथं माइक होता.

आणि मेघाला बोलता येत होतं. तेच तर वाईट झालं.

आता दोन वर्षं ती दर रविवारी वेगळ्या चर्चमध्ये जायची. शेवटच्या बाकावर बसायची आणि आशीर्वादाच्या आधी उठायची. कुणी नाव विचारलं तर तोंडाला येईल ते सांगायची. गिरणीच्या दारात सांडलेल्या दाण्यासारखी गत. ना पोत्यात, ना जात्यात.

आज तिनं ठरवलं होतं. पत्र ज्यानं दिलं त्याला परत करायचं. म्हणायचं, नाव काढा माझं. मग सुटले. मग देव मला विचारणार नाही आणि मीही देवाला विचारणार नाही.

वेरूळ सोडलं तशी एसटीत झळ शिरायला लागली. कपाशीची वाळकी शिवारं, त्यावर पांढरं ऊन. मेघानं पिशवी छातीशी धरली होती. आत पत्र होतं, आणि नेहमीसारखी ती एक रिकामी बाटली. अंगठ्याएवढी, रबरी बुचाची. ती तिला टाकवत नव्हती.

गावात पोचली तेव्हा अकरा वाजून गेले होते. प्रार्थनामंदिर तेच, पत्र्याचं. पुढची चिंच तीच. ओट्यावर पुंडलिकबाबा कागदाच्या चिठ्ठ्या कापत बसले होते. चष्म्याची एक दांडी गेलेली, तिथं दोरा.

“जय ख्रिस्त, बाबा.”

“कोण?” त्यांनी मान वर केली. “मेघा का गं? ये ये. लई उशीर केलास.”

जणू ती कालच बाजाराला गेली होती.

“पाळकसाहेब नाय आले उपासनेला?”

“त्यांच्याकडं चार गावं, एक फटफटी, अन् उत्तम शुक्रवार समद्यांचा एकच. ते दुसऱ्या गावाला गेले. आपलं आपण उरकायचं.”

मेघानं पिशवीतून पत्र काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं.

“बाबा, नाव काढा माझं.”

“कुठून?”

“वहीतून. मंडळीतून.”

बाबांनी पत्र डोळ्याजवळ नेलं, आपलीच सही ओळखली. मग शेजारची जाडजूड वही ओढली, पानं उलटली आणि बोट ठेवलं. मेघाचं नाव. त्यावर रेघ नव्हती.

“काढलं असतं गं. पण पोहोच कुठं आली? तिकडच्यांनी कळवायचं, बाई आम्हाला मिळाली. मग मी रेघ मारायची. रीत हाय ती.”

“पोहोच यायची नाय, बाबा. मी पत्र दिलंच नाय कुठं.”

“मग तू गेलीच नाय.”

“नऊ वर्षं झाली मला जाऊन!”

“गावातून गेलीस. वहीतून नाय.”

मेघाला एकाएकी राग आला. इतकी वर्षं बेवारशी हिंडले, आणि हा म्हातारा म्हणतो गेलीच नाय! तिनं ती रिकामी बाटली काढून वहीवर ठेवली.

“हे बी लिहा मग वहीत. मी माणूस मारलंय, बाबा.”

आणि मग थांबलीच नाही. शांतवनला साखरेचा आजार होता. रोज सुई लागायची. फ्रिजच्या दारात, अंडी ठेवायच्या खाचेत ती बाटली असायची. गोदामातले लोक म्हणायचे, सुई म्हणजे अविश्वास. त्यांनी मेघाच्या हातात माइक दिला. म्हणाले, तुझ्या तोंडून देव बोलतो. तिलाही तसंच वाटलं. अंगावर काटा आला तिच्या. दोनशे माणसांसमोर ती नवऱ्याला म्हणाली, देव सांगतोय तू बरा झालास. घरी येऊन तिनंच बाटली मोरीत ओतली. शांतवन हसला होता. म्हणाला, तू म्हणतेस तर झालो बरा. सहाव्या दिवशी घाटी दवाखान्यात त्यानं जीव सोडला.

“ते गोदामातले नंतर म्हणाले, माझाच विश्वास कमी पडला,” मेघा म्हणाली. “मला लहानपणापासून सांगितलं तुम्ही, हिला देवाचं बोलावणं आलंय. कुणाचं आलं होतं, बाबा? सांगा ना. कुणाचं होतं ते?”

   पुंडलिकबाबांनी बाटली उचलली, उपरण्यानं पुसली आणि तिच्या हातात परत दिली.

तेवढ्यात मंडळीतल्या म्हाताऱ्या भागूबाईनं दारात टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर बाराचे टोले दिले.

माणसं जमली. अकरा-बारा, बहुतेक म्हाताऱ्या. बारा ते तीन, ख्रिस्त क्रुसावर होता तो वेळ. त्यानं तिथून काढलेले सात उद्गार, आणि एकेका उद्गारावर एकेकानं उभं राहून बोलायचं. बाबा चिठ्ठ्या वाटत आले. मेघापुढं थांबले आणि एक चिठ्ठी धरली. चौथा उद्गार. खाली तिचं नाव, शाई कधीच वाळलेली.

हा उद्गार कुणी घ्यायचं नाही. देवाच्या लेकानं देवालाच विचारलं, का टाकलंस मला? यावर काय बोलणार? माणसं भ्यायची. पंधरा वर्षांची असताना मेघानं तो मागून घेतला होता आणि अख्खं मंदिर रडलं होतं.

“मी त्याच्या नावानं परत तोंड उघडणार नाय,” ती कुजबुजली.

“नको उघडू. दरसाली तुझं नाव लिहितो. तू नसतेस. आम्ही तेवढा वेळ गप बसतो. आज बी बसू.”

पहिला उद्गार झाला. दुसरा. तिसऱ्याला, ख्रिस्त आईशी बोलतो त्या उद्गाराला, भागूबाईनं बसल्या जागी ओवी लावली. मेघाची आई जात्यावर म्हणायची तीच:

क्रुसाच्या गं झाडाला, नाही पान नाही फूल,
माउली गं खाली उभी, वर टांगलं तिचं मूल.

मग बाबा म्हणाले, “चौथा.” आणि सगळे गप्प झाले.

पत्रे उन्हानं तडतडत होते.  मेघा मान खाली घालून बसली. ही शांतता म्हणजे काही रिकामी जागा नव्हती. तिच्या आकाराची जागा होती. नऊ वर्षं ही माणसं ती राखून बसली होती. ती शहरभर बाकं बदलत होती, तेव्हासुद्धा.

ती उभी राहिली. बोलायचं म्हणून नाही. बसवेना म्हणून.

“माझ्याकडं सांगण्यासारखं काय नाय,” ती म्हणाली. लोकांकडं तिचं तोंडच नव्हतं. समोरच्या लाकडी क्रुसाकडं होतं. “देव काय म्हणतो, मला म्हायती नाय. मागं मी म्हायती हाय म्हणाले, तर घर बसलं माझं. मी आपली विचारते. का टाकलंस? तुझंच नाव घेत होते ना मी? मग तोंड का नाय धरलंस माझं? तो हसला रे. मी म्हणाले म्हणून हसला. त्या बाटलीत तेरा दिवसांचं औषध होतं. एकदा हात धरला असतास. एकदा!”

शेवटचा शब्द पत्र्यावर आपटला. तिला वाटलं, आता कुणीतरी उठेल, आमेन म्हणेल, समजूत घालेल. कुणी उठलं नाही. उत्तरही आलं नाही. वरून नाही, बाजूनं नाही. ती मटकन खाली बसली.

“पाचवा,” बाबा हळूच म्हणाले.

पाचवा उद्गार दरसाली भागूबाईचा. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून ती दरवेळी एवढंच बोलायची: “तहान लागली म्हणाला. पाणी कुणी दिलं नाय. आंब दिलं, आंबलेली दारू.” आजही तेवढंच बोलली. पण मग खाली बसायच्या ऐवजी कोपऱ्यातल्या माठाकडं गेली, तांब्या भरला आणि मेघापुढं धरला.

“पी.”

मेघा प्याली. पाणी हनुवटीवरून गळ्यात उतरलं. भागूबाई तिच्या शेजारी गुडघे धरून टेकली आणि तोंड तिच्या कानाशी नेलं.

“माझा ल्योक कृष्णा सुरतेला गेला. अकरा वर्षं झाली, चिठ्ठी नाय, फोन नाय. मला बी हेच इचारायचं हुतं देवाला. पर त्याला असं बोलत्यात व्हय? धीरच झाला नाय.” तिनं मेघाचं मनगट धरलं. हात खरखरीत होता. “तू इचार. तुला येतंय.”

“मावशे, तो उत्तर देत नाय.”

“न देऊ दे. इचार तरी.”

मेघानं रिकामी बाटली तांब्याशेजारी चटईवर ठेवली आणि दुसऱ्यांदा उभी राहिली.  गोदामातल्यासारखा काटा अंगावर आला नाही. आवाजही फुटकाच निघाला.

“भागूबाईचा कृष्णा,” ती क्रुसाला म्हणाली. “अकरा वर्षं. कुठं ठेवलास?”

मागून कुणीतरी हुंदका दिला. मग एक म्हातारी बसल्या जागेवरून म्हणाली, “पोरी, माझ्या सुनेचं बी.” आणि भिंतीकडून आणखी एक आवाज, “माझं बी इचार.”

सहावी चिठ्ठी पुंडलिकबाबांची स्वतःची होती. ‘पूर्ण झालं,’ हा ख्रिस्ताचा उद्गार. ती हातात घेऊन ते उभे राहिले होते. त्यांनी मेघाकडं पाहिलं, बायांकडं पाहिलं. मग चिठ्ठीची बारीक घडी केली आणि खिशात ठेवली.

“चालू दे तुझं,” ते म्हणाले आणि खाली बसले. “मी थांबतो.”