कापसाचं फडकं आणि अर्पिताचं निवडुंग

मित्रांनो, मी एक जुनं, जाडंभरडं फडकं आहे. वेचणीच्या वेळी बायका कमरेला बांधतात आणि वेचलेला कापूस ज्यात टाकतात, ते. घाटंजीजवळच्या एका गावात मैनाबाईने फाटक्या चादरीची दुहेरी घडी घालून मला शिवलं. कित्येक हंगाम मी तिच्या पोटाशी फुगत राहिलं. "मैनाबाई, तुह्या फडक्यात लय मावते वं!" असं कुणी म्हटलं की माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं, अंगात नुसतं सूत असलं तरी!

मैनाबाईची लेक अर्पिता नर्सिंग शिकायला पुसदला गेली. जाताना कुंडीतलं वीतभर निवडुंग आईच्या हवाली करून म्हणाली, "आई, याले जपजो."

आईने जपलं. तिच्या लेखी जपणं म्हणजे पोटभर घालणं. शेतातली काळी माती आणली, शेणखत घातलं, रोज तांब्याभर पाणी ओतलं. अर्पिताचे वडील घनश्यामराव मिशीत हसत म्हणायचे, "आपल्या मातीत काठी खोचली तरी पालवते." दिवाळीपर्यंत झाड बुडाशी पिवळं, लिबलिबीत झालं. लेकीने एकच वस्तू सोपवली होती आणि तीच हातची चालली होती.

तिने रडत फोन लावला. अर्पिता रागावली नाही. "काळी माती पाणी धरून ठेवते, आई. मुळं सडून राह्यली असतील. आजच काढ त्याले. पण उघड्या हातानं धरू नको."

मैनाबाईने खुंटीवरून मला काढलं. चार पदरी पट्टी करून झाडाभोवती गुंडाळलं आणि दोन्ही टोकं घट्ट धरली. घनश्यामरावांनी कुंडी आडवी करून थोपटली. झाड अलगद माझ्या मिठीत आलं. काटे माझ्या तीन पदरांतून आरपार गेले, चौथ्यात अडले. मित्रांनो, मला दुखलं, पण मी दिपूनही गेलं. रांगोळीचे ठिपके मोजून मांडावेत तसे ते काटे होते. जन्मभर मऊ कापूस पाहिलेल्या मला असं काही जगात आहे, हे माहीतच नव्हतं.

सडलेला भाग धुतलेल्या सुरीने हिरवा गर लागेपर्यंत कापला. मग अर्पिताने सांगितल्याप्रमाणे झाड सावलीत सुपावर ठेवलं, मातीशिवाय.

"मातीबिगर कोणतं झाड जगते वं?" मैनाबाई फोनवर लेकीपाशी हळहळली.

मी सुपात त्याच्याखालीच अंथरलेलं होतं. ना माती, ना पाणी, तरी ते जिवंत होतं! त्याची जखम हळूहळू सुकून टणक झाली. तसा धीर मी कुठल्याच झाडात पाहिला नाही.

मग तळाला भोक असलेल्या मातीच्या कुंडीत मुरूम, रेती आणि चिमूटभर माती घालून त्याला बसवलं. पुन्हा आठवडाभर पाणी नाही. मैनाबाईचा तांब्या रोज सकाळी कुंडीपर्यंत जायचा आणि भरलेलाच परत यायचा. त्या बाईला एवढं कठीण काम मी वेचणीतही करताना पाहिलं नव्हतं.

थंडी सरता सरता शेंड्यावर नवे, लालसर काटे दिसले. "जगलं वं, जगलं!" घनश्यामराव अंगणातूनच ओरडले. मैनाबाई पदर डोळ्यांना लावून मनसोक्त रडली.

माझ्यात मात्र बारीक कुसळं राहून गेली, म्हणून वेचणीला नवं फडकं आलं. मी स्वयंपाकघरातल्या खुंटीवर आहे. मित्रांनो, काटेरी झाड हलवायचं असेल तर जाड घडी घ्या, घाई करू नका आणि ते फडकं लहानग्यांपासून दूर ठेवा.

होळीला अर्पिता घरी आली. आधी कुंडीपाशी बसली, मग जेवायला. दुसरी भाकर ताटात टाकायला निघालेला मैनाबाईचा हात मधेच थांबला.

"अजून देऊ का वं?"

अर्पिता आईकडे बघतच राहिली. या घरात असं कधी कुणी विचारलं नव्हतं.

"अर्धी दे," ती हसून म्हणाली.

मित्रांनो, माया भरपूर करा, पण तेवढं एकदा विचारत जा.