गिरणीच्या छतावरून

मित्रांनो, मी रुमानियातल्या एका गावच्या कापडगिरणीचा जुना भोंगा आहे. पितळेचा. चार बोल्टांनी छताला जखडलेला. वाफ आली आणि कुणी दोरी ओढली, तरच मला बोलता येते. बाकी वेळ नुसते पाहत राहायचे.

पाळी बदलायची वेळ सांगणे एवढेच माझे काम. १९८९च्या डिसेंबरात मात्र देश हुकूमशहाविरुद्ध उठला आणि बॉयलरवाल्या तोआदेरने मला भलत्याच वेळी वाजवले. माग थांबले, सगळे चौकात गेले. विणकर स्मरांदाचा भाऊ गोळी लागून तिथेच पडला. लोकांनी मला हार घातला.

काही वर्षांनी नव्या सरकारने ठरवले की कारखान्यांत लोकांचाच वाटा असावा. प्रत्येकाला मालकीचे कूपन मिळाले. ते गिरणीत जमा केले की माणूस भागीदार.

एका सकाळी फाटकाबाहेर डायरेक्टरसाहेबांच्या मेव्हण्याने टेबल मांडले. लगेच रांग लागली. आमच्याकडे रांग दिसली की आधी उभे राहायचे, मग विचारायचे. तोआदेरही उभा राहिला.

"काय देतायत?"

"तेल आणि कॉफी म्हणे. कूपन द्यायचं."

स्मरांदा धावत आली. "तोआदेर, अरे तेलाच्या बाटलीवर गिरणी देतोयस?"

"गिरणी कढईत घालता येते का, बाई?"

"निदान भोंगा तरी वाजव. सगळे आत जमू, बोलू."

"आणि माझा नंबर?"

"मी उभी राहते तुझ्या जागी."

"तू? तू तर टेबलच उलथशील."

रांगेत हशा पिकला. बॉयलरखोलीची किल्ली तोआदेरच्या खिशात होती. वाफ माझ्या गळ्यापर्यंत आली होती, दोरी खाली त्या बंद खोलीत लोंबत होती. मी एक शब्द बोलू शकलो नाही. रांग दुपारपर्यंत पुढे सरकत राहिली.

बहुतेक वाटा मेव्हण्याकडे गेला. त्याने माग कापून भंगारात घातले. मी उंचावर, म्हणून राहिलो. आता बॉयलर नाही, वाफ नाही. बोल्ट मात्र घट्ट आहेत.

स्मरांदाने कूपन मेव्हण्याला न देता गिरणीत जमा केले होते. ती आजही भागीदार आहे. दर डिसेंबरात फाटकाशी येते. नवा पहारेकरी तिला आत सोडत नाही.

"कोण तुम्ही?"

"मालकीण," ती म्हणते आणि थोडा वेळ तिथेच उभी राहते.

मित्रांनो, रांग दिसली तर आधी टेबलापर्यंत चालत जा. काय देतायत ते सगळेच पाहतात. तुम्ही मात्र बदल्यात ते काय घेतायत, ते पाहा. मला ते वरून दिसत होते.