नवव्या नंबरचं उत्तर

माझी आत्या शिलाई मशीन दुरुस्त करते. तिचं दुकान एवढंसं आहे की दोन गिऱ्हाइकं आत आली तर तिसऱ्याने रस्त्यावरूनच बोलायचं. मागच्या महिन्यात मी तिला फोनवर प्रश्नोत्तरांची एक वेबसाइट उघडून दिली आणि पहिलाच प्रश्न तिच्या धंद्यातला निघाला.

‘शिवताना कापडाखाली दोऱ्याचा गुंता होतो. परवा नाटक आहे आणि बावीस पोशाख बाकी. वाचवा!’

खाली आठ उत्तरं होती. सगळ्यात वर ‘उस्ताद’ नावाच्या कोणाचं, एकशे चाळीस मतं मिळालेलं: ‘दोऱ्याचं टेन्शन आणखी घट्ट करा.’

“माझंच टेन्शन वाढवलं मेल्याने!” आत्या ओरडली आणि एका बोटाने टाइप करायला बसली. ‘कापड दाबणारा पाय वर उचला, मग वरचा दोरा काढून पुन्हा ओवा. पाय खाली असला तर दोरा टेन्शनच्या चकत्यांमध्ये बसतच नाही.’

उत्तर जाऊन बसलं नवव्या नंबरवर, तळाला.

“मला शेवटी का बसवलं?”

“ज्याला जास्त मतं, तो वर,” मी म्हणाले. “आणि विचारणाऱ्याने हिरवी खूण दिली, तर ते उत्तर सगळ्यांच्या डोक्यावर.”

“आणि मशीन चालू झालं की नाही, हे कोण बघतं?”

“ते कोणीच नाही,” मी म्हणाले.

पण आत्याचे यजमान, म्हणजे आमचे काका, गप्प बसणाऱ्यातले नाहीत. त्यांनी मत दिलं, मी दिलं, शेजारच्या किल्लीवाल्यालाही दुकानात ओढून मत द्यायला लावलं. आत्या थेट सहाव्या नंबरवर! आनंदाच्या भरात तिने एका गिऱ्हाइकाला चार बॉबिन फुकट देऊन टाकल्या. दहा मिनिटांत वेबसाइटचा निरोप आला: एकाच ठिकाणची मतं रद्द. पुन्हा नववी.

“आपण पकडले गेलो!” काका छाती फुगवून म्हणाले.

मग आत्याला ‘नवीन आधी’ हे बटण सापडलं. दाबलं, तर तिचं उत्तर पहिलं! ती फोन नाचवत किल्लीवाल्याकडे पळाली. ते फक्त तिच्याच फोनवर वर दिसतंय, हे तिला सांगायला माझी जीभच रेटेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. आत्याच्या हातात मशीनचं पोट उघडं, म्हणून मीच वाचलं.

“आत्या, हिरवी खूण! तू पहिली!”

“कोणाच्या फोनवर?” तिने संशयाने विचारलं. म्हणजे तिला कळलेलं होतं तर!

“सगळ्यांच्या! ऐक, ती पोशाखवाली लिहितेय: ‘वरून एकेक उत्तर करून बघत खाली आले. आठ जणांनी घाम काढला. तुमचं केलं आणि टाका असा सरळ पडला की मी मशीनचा मुकाच घेतला.’”

आत्या खुर्चीत बसली ती हसतच सुटली. तेवढ्यात खाली आणखी एक ओळ उमटली. उस्तादची. ‘ताई, माझंही मशीन चार वर्षं बंद होतं. आत्ताच चालू झालं.’

“मग चार वर्षं हा लोकांना शिकवत काय होता?” काका म्हणाले, आणि आम्ही तिघं पोट धरून वाकलो.

दारातून एका गिऱ्हाइकाने डोकावलं. “माझं झालं का हो?”

“माझं झालं, पहिलं आलं!” आत्या डोळे पुसत म्हणाली. “तुमचं उद्या.”