बटाट्याचं चित्र

घरात एखादी चोरी हसत हसत सांगितली गेली, की तिला कुणी चोरी म्हणत नाही. तिला हुशारी म्हणतात!

या घरातले बाबा वजनमाप निरीक्षक होते. शहरातल्या दुकानांचे काटे तपासायचे आणि काटा खोटा निघाला तर दुकानदाराला फैलावर घ्यायचं, हे त्यांचं काम. कामात ते चोख. लाकडी पेटीतली पितळी वजनं रोज मऊ कापडानं पुसून ठेवत, त्यांना कुणाला हात लावू देत नसत. आणि हाच माणूस दर रविवारी सुपरमार्केटमधून बदाम आणत होता, तेही बटाट्याच्या भावात.

त्याचं असं झालं. सुपरमार्केटनं पाच काउंटर बंद केले, चार बायकांना घरी बसवलं आणि त्यांच्या जागी सहा यंत्रं आणून ठेवली. गिऱ्हाइकानं सुटा माल यंत्राच्या काट्यावर ठेवायचा, पडद्यावरच्या चित्रांतलं आपल्या मालाचं चित्र दाबायचं, की बिल तयार. यंत्राला वजन कळतं, वस्तू कळत नाही, हे बाबांनी पहिल्याच दिवशी ओळखलं. त्यांनी बदामाची पिशवी काट्यावर ठेवली आणि बटाट्याचं चित्र दाबलं.

घरी येऊन हा पराक्रम त्यांनी जेवणाच्या टेबलावर तिखटमीठ लावून सांगितला.

"अहो, कुणी पाहिलं असतं म्हणजे?" आई म्हणाली. पण म्हणता म्हणता हसलीच.

"कोण पाहणार? यंत्राला डोळे कुठे असतात?" बाबांनी लेकीकडे बघून डोळा मिचकावला. "आणि बिल करायचं काम त्यांनी आपल्या गळ्यात मारलंय ना? मग आपली मजुरी नको घ्यायला?"

लेक पंधरा वर्षांची, घरात तिला बबडी म्हणत. तीही खळखळून हसली. पुढच्या रविवारपासून चित्र दाबायचं काम तिच्याकडे आलं आणि प्रत्येक वेळी बाबा तिला शाबासकी देत. हेच बाबा तिनं मोबाइलबद्दल थाप मारली की तासभर तोंडसुख घेत, "खोटं बोललेलं मला खपणार नाही हं!" म्हणून बजावत. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! संताप येतो तो याचाच. आणि आपल्यातल्या किती जणांच्या घरी असे ब्रह्मज्ञानी बसलेत, तेही एकदा मोजावं.

एका बुधवारी दुपारी बाबांना सुपरमार्केटमधून फोन आला. "तुमची मुलगी आमच्या ऑफिसात बसवून ठेवली आहे. ताबडतोब या."

शाळा सुटल्यावर बबडी परस्पर तिथे गेली होती. मैत्रिणीच्या वाढदिवसाला न्यायला तिनं पिस्ते घेतले आणि सवयीनं बटाट्याचं चित्र दाबलं. पण दोनच दिवसांपूर्वी, सोमवारी, त्या यंत्राला डोळे बसवले होते. काट्यावर लावलेल्या कॅमेऱ्यानं पिस्ते ओळखले, लाल दिवा लागला आणि सगळ्या दुकानाच्या माना वळल्या.

बाबा तपासणीवरून थेट आले, हातात पेटी घेऊनच. ऑफिसात तीन माणसं होती. खुर्चीत मॅनेजर, कोपऱ्यात रडून डोळे लाल झालेली बबडी, आणि दारापाशी काकू. बंद झालेल्या काउंटरांवर या काकूंनी वीस वर्षं काढली होती. आता सहाही यंत्रांवर देखरेख ठेवायला त्या एकट्याच उरल्या होत्या.

बाबांनी मुलीला काही विचारलं नाही. ते मॅनेजरवरच कडाडले, "माझ्या मुलीला अडवलंत कसं तुम्ही? ती असं करणं शक्यच नाही! तुमचं यंत्र बिघडलंय. बोट पडतं एका चित्रावर आणि उघडतं दुसरंच. मी कोण आहे माहीत आहे? आत्ता लिहून देतो, यंत्र सदोष. सहाच्या सहा यंत्रांना सील लागेल!"

मॅनेजरचा चेहरा पडला. पण क्षणात त्यानं पळवाट शोधली. "साहेब, सहा कशाला? त्या एकाच यंत्राचं लिहा. मुलीवरची तक्रार आम्ही आत्ता रद्द करतो. रोज सकाळी यंत्रं तपासायचं काम या काकूंचं आहे, वहीत सहीपण यांचीच आहे. यंत्र बिघडलेलं असताना सही ठोकली म्हणजे निष्काळजीपणा. उद्यापासून त्यांनी यायला नको."

किती सोपं झालं पाहा! एका ओळीत मुलगी सुटली, दुकान सुटलं. वीस वर्षं उभं राहून काम केलेल्या बाईच्या पोटावर पाय आला, तर त्याचं कुणाला काय? बाबांनी खिशातून पेन काढलं आणि बबडीकडे पाहून हळूच डोळा मिचकावला. तोच जेवणाच्या टेबलावरचा डोळा.

"साहेब," काकू म्हणाल्या, "पेटी उघडा."

"काय?"

"न तपासता लिहिताय तुम्ही. मी रोज सकाळी सहाही काट्यांवर वजन ठेवते, एकेक चित्र दाबून बघते, मग सही करते. तुम्ही तर निरीक्षक! उघडा पेटी, चला यंत्रापाशी."

आता मागे फिरणं शक्य नव्हतं. सगळे यंत्रापाशी आले. बाबांनी पितळी वजन काट्यावर ठेवलं. दोन किलोचं वजन, पडद्यावर बरोबर दोन किलो. ग्रॅमचाही फरक नाही. काकूंनी पिस्त्याचं चित्र दाबलं, पिस्ते आले. बटाट्याचं दाबलं, बटाटे आले.

तरी त्या माणसाच्या हातातलं पेन सुटेना! "कधी कधी बिघडत असेल," तो पुटपुटला.

मग मात्र काकूंचा तोल गेला. "कधी कधी नाही, दर रविवारी बिघडतं! तुम्ही या लेकराला घेऊन येता तेव्हा. मी तीनदा येऊन म्हटलं, 'साहेब, चित्र चुकलं वाटतं,' आणि माझ्या हातानं दुरुस्त केलं. मुलीसमोर बापाची शोभा नको, म्हणून गप्प बसले. तिथेच चुकले मी! त्याच दिवशी बोलले असते तर आज ही पोर अशी उभी नसती. अहो, काट्याला भार तेवढा कळतो. पिशवीत काय आहे ते माणसानं सांगायचं असतं. तुम्ही हिला काय सांगायला शिकवलंत?"

"आणि तुमच्या कंपनीनं माणसं काढली ते?" बाबांनी शेवटचा डाव टाकला.

"काढली ना! माझ्या चार मैत्रिणी गेल्या. तुम्ही नेलेल्या बदामांतले किती त्यांच्या घरी पोचवलेत? आता पाचवी मी. मला तर तुम्हीच काढताय, स्वतःच्या सहीनं!"

तेवढ्यात बबडी पुढे आली. तिचा आवाज स्वच्छ होता.

"बाबा, यंत्र बिघडलेलं नव्हतं. बटाट्याचं चित्र मीच दाबलं. तुम्ही शाबासकी द्यायचात ना, मला वाटलं आपल्या घरी हे चालतं. पण काकूंची नोकरी घालवणं पण चालतं का? तेवढं एकदा सांगा, म्हणजे मला कळेल."

टोमणा नव्हता तो. पोर खरंच विचारत होती! समोरच्या माणसाच्या शब्दावरून आपली चालचलणूक ठरवायला तयार असलेलं पंधरा वर्षांचं मूल विचारत होतं. आयुष्यभर दुसऱ्यांचे काटे तपासणाऱ्या बाबांची मान तेव्हा पहिल्यांदा खाली गेली.

त्यांनी पेटीवर कागद ठेवला आणि लिहिलं, "यंत्र तपासले. काटा अचूक, पडदा अचूक. दैनंदिन तपासणी चोख." खाली सही केली आणि कागद काकूंच्या हातात दिला, मॅनेजरच्या नाही.

"मग मुलीचं नाव नोंदवावं लागेल," मॅनेजर म्हणाला. "शाळेलाही कळवावं लागेल."

"कळवा. पण तिच्या आधी माझं नाव लिहा! दर रविवारचं लिहा. आणि शाळेला कळवाल तसं माझ्या ऑफिसलाही कळवा." बाबा बबडीकडे वळले. "नाही चालत, बेटा. यातलं काहीच चालत नाही. मी चुकीचं शिकवलं."

बबडी काकूंच्या पायांना हात लावायला वाकायच्या आत काकूंनी तिला धरलं. "माझ्या पाया पडू नकोस. ते पिस्ते घे आणि नीट बिल कर." बबडीनं पिशवी काट्यावर ठेवली आणि या वेळी पिस्त्याचं चित्र दाबलं.

ऑफिसनं बाबांची चौकशी लावली, ती अजून चालू आहे. घरी आईलाही त्या दिवशीचं हसू आठवून शरम वाटली, तिनं ते मुलीजवळ बोलूनही दाखवलं. बदाम आता कमी येतात, पण बदाम म्हणूनच येतात.

नागरिकहो, आजकालची मुलं बिघडली, असं आपण येताजाता म्हणतो. मोबाइलला दोष देतो, मित्रांना देतो, जमान्याला देतो. जरा आठवा, परवा सिग्नल तोडताना मागच्या सीटवर कोण होतं? "बाबा घरी नाहीत म्हणून सांग," असं कुणाला सांगितलं होतंत? यंत्रांना आज डोळे फुटले, म्हणून चोरी पकडली गेली. आपल्या शेजारी उभ्या असलेल्या मुलांना ते जन्मापासूनच असतात. तेव्हा पुढच्या वेळी पडद्यावर बोट ठेवाल, तेव्हा पिशवीत जे आहे त्याचंच चित्र दाबा!